डाव्या हाताचं आडनाव

लोक नावं ठेवतात, आम्ही ती कोरतो, असं बाबा कारखान्यात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे आणि ते हसलं नाही तर त्याच्याकडे संशयाने बघत राहायचे. बाबा गेल्यावर तोच विनोद त्यांच्या मुलीने, छिन्नीने, पुढे चालवला. तिच्या तोंडून तो दम दिल्यासारखा वाटायचा. पण हात असा होता की तिने शिव्या घातल्या असत्या तरी लोकांनी पाटी तिच्याकडूनच करून घेतली असती.

अशा घराची स्वतःचीच पाटी अडावी, याला काय म्हणायचं? अर्ध्या शहराच्या दारांवर ज्यांच्या हातची अक्षरं, त्यांच्या दारावर महिनाभर नुसता कोरा गिलावा. झालं होतं असं की रस्ता रुंद करायचं ठरलं, कारखान्याची पुढची भिंत मागे घ्यावी लागली, आणि भिंत पाडणाऱ्यांनी जुनी पाटी उतरवताना तिचे दोन तुकडे केले. नवा दगड आणून झाला होता. काळाभोर, घासून गुळगुळीत केलेला, मोठ्या टेबलावर उताणा पडलेला. त्याच्याभोवती त्या रविवारी दुपारी घरातली पाच माणसं बसली होती आणि त्यावर काय लिहायचं यावरून धुसफुसत होती.

दादा मजकूर ठरवूनच आला होता. वर आडनाव, खाली 'आणि मुलगे'. बस्स, एवढंच. दादा घरातला थोरला. दुसऱ्या शहरात त्याचं औषधांचं दुकान होतं, पांढऱ्याशुभ्र कपाटांचं, आणि कारखान्यात आला की बसण्याआधी तो रुमालाने खुर्ची झटकायचा. धाकटा त्याच्या बाजूने होता. धाकट्याचं रस्त्यापलीकडे प्लास्टिकच्या अक्षरांचं दुकान. तिथे मशीन अक्षरं कापायचं आणि तो गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा. 'मुलगे' आले की दोन्ही दुकानं एका नावाखाली येतील, असं त्याला वाटत होतं. वाईट माणूस नव्हे तो. ज्याचा आवाज मोठा त्याच्या मागे जायची लहानपणापासूनची खोड, इतकंच.

मधल्या बहिणीला, म्हणजे छिन्नीला, कोणी विचारलं नव्हतं. तिला फोन करून कळवलं होतं.

ती फोनवर काही बोलली नाही, म्हणून दादाला वाटलं की पटलं. लहानपणी जिच्याबरोबर एका ताटात जेवलो तिची गप्प बसायची तऱ्हा माणूस विसरतो, ती अशी. छिन्नी लग्न मोडून माहेरी परत आली तेव्हाही गप्पच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी तिच्या उंचीला येईल असं एक जाड कापडाचं एप्रन खुंटीला लावून ठेवलं आणि म्हणाले, दगड आलेत, उतरवून घे. तेव्हापासून ती इथे होती. बाबांचे डोळे गेले तेव्हा ती कोरायची आणि ते बोटांनी अक्षरं चाचपायचे. शेवटी शेवटी तर चाचपायचंही सोडून दिलं होतं त्यांनी. पण तिच्या कागदांवर अजून नवऱ्याचंच आडनाव होतं. बदलायला कचेऱ्यांचे खेटे घालावे लागतात, आणि दगड काही कागद मागत नाही, असं ती म्हणायची. ते आता तिच्या अंगाशी आलं होतं.

तिने मनाशी ठरवलं होतं. 'आणि मुलगे' ठरलं तर ती ते कोरून देणार होती, एकही अक्षर वाकडं न जाऊ देता, आणि मग कारखान्याच्या किल्ल्या टेबलावर ठेवून निघून जाणार होती. हे तिने फक्त धाकट्याच्या बायकोला सांगितलं होतं. त्या बिचारीला सकाळपासून पाणीही गोड लागत नव्हतं. कारखान्याच्या ऑर्डरी घ्यायची, गिऱ्हाइकांना थोपवायची कामं तीच करायची, आणि छिन्नीशिवाय या चार भिंतींत हातोडीचा आवाजही उरणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं.

दादाने मजकूर पुन्हा एकदा वाचून दाखवावा तसा बोलून दाखवला. धाकट्याने मान हलवली. आत्या कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत चहात बिस्किट बुडवत होती. ती बाबांची बहीण, ऐंशीच्या पुढची, आणि अशा बैठकांना ती यायची ती मुख्यतः बिस्किटांसाठी, असं सगळे समजून होते.

"आणि मी?" छिन्नीने विचारलं.

"तू आहेसच की," दादा म्हणाला. "तुला कोण जा म्हणतंय? पण पाटीवर घराचं नाव असतं. तुझं आडनाव आता हे नाही, त्याला मी काय करू."

आवाज मऊ होता. दुकानात एखाद्याला औषध संपलंय म्हणून सांगताना असतो तसा. धाकट्याच्या बायकोने डोळे मिटून घेतले.

छिन्नीने एप्रनला हात पुसले. मग दाराजवळची तिपाई पायाने ओढून टेबलासमोर आणली.

"पाटी करायची ना? मग बस इथे. आडनाव कुठून आलं ते सांग."

धाकट्याला हसू फुटलं, पण दादाकडे बघून त्याने ते गिळलं. कारण यात थट्टा नव्हती. हा कारखान्याचा नियम होता आणि तो बाबांच्याही आधीपासूनचा होता. दगडाला हत्यार लावण्याआधी गिऱ्हाइकाने तिपाईवर बसायचं आणि नावाची हकीकत सांगायची. आडनाव कशावरून पडलं, पाळण्यातलं नाव कोणी ठेवलं, का ठेवलं. माहीत नसेल तर घरी जाऊन विचारून यायचं. घाईची माणसं वैतागायची, दोनचार जण तर उठून जायचे. बाबा म्हणायचे, जाऊ द्यात, हकीकत ऐकली नाही तर माझ्या हाताला ते नाव परकं लागतं.

तिघं भावंडं या टेबलाखाली बसून त्या हकीकती ऐकत मोठी झाली होती. एक शिंपी आला होता, त्याच्या आडनावाचा अर्थ उशिरा आलेला. पूर्वज या भागात पोचला तेव्हा सगळ्या जमिनी वाटून झाल्या होत्या, म्हणून ते नाव पडलं. तो शिंपी पाटी न्यायलाही सांगितल्यापेक्षा कितीतरी दिवस उशिरा आला, आणि बाबा इतके खूश झाले की त्याला बसवून चहा पाजला. दोन जुळ्या म्हाताऱ्या बहिणी आल्या होत्या. त्यांच्या आईवडिलांनी एकच मूल धरून एकच नाव ठरवलं होतं. दुसरी बाहेर आली तेव्हा सगळ्यांची तारांबळ उडाली, आणि डॉक्टरीणबाईंनी तिला आपलं स्वतःचं नाव देऊन टाकलं. ठरवलेलं नाव कोणाचं आणि दिलेलं कोणाचं यावरून त्या बहिणी तिपाईवरसुद्धा भांडल्या. पाटी एकच होती दोघींची. एक सुतार होता, त्याच्या आडनावात मोठ्या आवाजाचा असा अर्थ, आणि तो बोलायचा असा की बाबांना कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागायचा. तो गेल्यावर भावंडं दिवसभर कुजबुजत बोलत होती आणि हसून हसून त्यांची पोटं दुखली होती.

आता त्याच टेबलापाशी पन्नाशी उलटलेला दादा उभा होता आणि तिपाई त्याची वाट बघत होती.

तो बसला. त्याला बसायला काहीच हरकत नव्हती, उलट मनातून बरंच वाटलं. आडनावाचा अर्थ तर उघडच होता, डावखुरा. आणि त्याची हकीकत घरात त्याच्याइतकी चांगली कोणाला सांगता येत नव्हती. त्याने ती आपल्या मुलांना सांगितली होती, मुलांनी शाळेत सांगितली होती. सांगताना तो आपसूक ताठ बसला.

आपला एक पूर्वज सैन्यात शिपाई होता. लढाईत त्याच्या उजव्या हातावर घाव बसला, हात निकामी झाला. बाकीचे माघारी पळाले. याने तलवार डाव्या हातात घेतली आणि नदीवरच्या पुलाच्या तोंडाशी एकटा उभा राहिला. दिवस मावळेपर्यंत एकालाही पलीकडे येऊ दिलं नाही. पुढे त्याला सगळे डावखुरा म्हणूनच ओळखू लागले, आणि ते नाव मुलांना लागलं, मुलांच्या मुलांना लागलं.

"तेव्हा हे शिपायाचं नाव आहे," दादा म्हणाला. "बापाकडून मुलाकडे आलेलं. म्हणून 'आणि मुलगे'."

कोपऱ्यात काहीतरी घरघरलं. सगळ्यांनी वळून बघितलं तर आत्या हसत होती. हसता हसता तिला ठसका लागला, बिस्किटाचा ओला तुकडा बशीत पडला, धाकट्याची बायको धावत जाऊन तिची पाठ चोळू लागली. आत्याचं हसू काही थांबेना.

"कसला शिपाई रे," ती शेवटी म्हणाली. "आमची आजी होती ती."

आत्याला खरं म्हणजे बोलायचं नव्हतं. भावाला शब्द दिलेला होता, आणि भाऊ गेला म्हणून शब्द संपत नाही असं ती मानत होती. पण तो पूल, ती तलवार, दिवस मावळेपर्यंत, हे सगळं ऐकताना तिच्या डोळ्यांसमोर आजी आली, पोत्यावर मांडी घालून बसलेली, भुवयांवर दगडाची भुकटी, आणि तिला हसू आवरलं नाही. इतक्या वर्षांत आजीची आठवण कोणी काढलीच नव्हती. त्या आजीला ओळखणारं तिच्याशिवाय आता कोणी उरलं नव्हतं. हे मनात आलं तेव्हा तिचं हसू ओसरलं आणि ती सांगू लागली.

आजी म्हणजे आत्याच्या आईची आई. तिचा नवरा दगडावर नावं कोरायचा. तो तरणाताठा गेला आणि मागे राहिली ती, एक लहान मुलगी आणि अर्धवट कोरलेले दगड. तिने ते दगड पुरे केले. बघून बघून शिकली होती, पण डावरी होती. डाव्या हाताने काम करणाऱ्याच्या कपच्या उलट्या बाजूला उडतात, म्हणून तिच्या शेजारी एकही कारागीर बसायला तयार होईना. तिने आपलं पोतं दाराशी ओढलं आणि कपच्या रस्त्यावर उडू दिल्या. येणारेजाणारे ओरडायचे, अगं ए डावरे, जपून. शेजारची दुकानंही तिला तसंच हाक मारू लागली. चिडवण्यातलंच ते. बाईमाणूस हातात हातोडा घेऊन बसलंय, तेही उलट्या हातात, म्हटल्यावर लोकांना करमणूक झाली होती.

"मग एक दिवस तिने तेच नाव दगडावर कोरलं," आत्या म्हणाली, "चांगलं ठसठशीत, आणि दारावर लावलं. म्हणाली, हाका मारताय ना, मग आता वाचून नीट मारा. तीच ती पाटी. गेल्या महिन्यात फुटली ती."



पुढचं आत्याने भराभर सांगितलं, कारण पुढच्यात तिला फारसा रस नव्हता. कुठल्या लांबच्या गावाहून एक तरुण कामाला आला. हात चांगला होता, स्वभाव गरीब. आजीच्या मुलीशी त्याचं जमलं. तो या तिघांचा आजोबा. त्याचं स्वतःचं आडनाव होतंच की, पण गिऱ्हाईक दारावरचं वाचायचं आणि त्याला त्याच नावाने हाक मारायचं. पहिली काही वर्षं तो दुरुस्त करायचा. मग ओ द्यायला लागला. त्याच्या मुलांना शाळेत घालताना तेच नाव लागलं.

"त्यांचं मूळचं आडनाव काय होतं मग?" धाकट्याने विचारलं.

"विचारलं होतं मी एकदा. म्हणाले, चांगलं होतं, पण इथे कोणाच्या ओळखीचं नव्हतं."

धाकट्याची बायको अजून आत्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. ती या घरात मोठ्यांसमोर कधी तोंड उघडत नसे. आताही ती बोलली ती जमिनीकडे बघत. मग हे आडनाव मुलीच्या हातून आलंय, ती म्हणाली, आणि दादा, त्याच्याखाली 'मुलगे' लिहिलं तर ते खोटं होईल ना.

धाकट्याने बायकोकडे असं बघितलं, जणू घरात कुणी नवंच माणूस आलं आहे. मग दादाकडे बघितलं, मग दगडाकडे. त्याला एकदम आठवलं की मशीन बिघडलं तेव्हा दहा दिवस छिन्नीने त्याच्या दुकानाची कामं हाताने करून दिली होती आणि कुठे बोलली नव्हती. मलाही ते 'मुलगे' काही फार आवडलं होतं असं नाही, तो पुटपुटला. सकाळी सगळ्यात जोरात त्यानेच वाहवा केली होती.

दादा तिपाईवरून उठला नव्हता. त्याचं लक्ष यातल्या कशाकडेच नव्हतं.

"म्हणजे बाबा माझ्याशी खोटं बोलले," तो म्हणाला.

"बोलला," आत्या म्हणाली. "तुझ्यासाठीच बोलला."

मग तिने तेही सांगून टाकलं, एवढं सांगितल्यावर उरलेलं पोटात ठेवून ती काय करणार होती. दादा दुसरीत असताना शाळेत त्याचा डावा हात बाकाला बांधून ठेवायचे, उजव्या हाताने लिहायची सवय लागावी म्हणून. मधल्या सुट्टीत पोरं त्याच्याभोवती फेर धरून आडनावाचा घोष करायची. आडनाव आणि हात असे जुळून आल्यावर पोरांना आणखी काय पाहिजे. दादा घरी यायचा आणि दप्तर फेकून या टेबलाखाली जाऊन बसायचा. जेवायचा नाही, बोलायचा नाही. त्यांच्या आईने शाळेत जाऊन भांडूनही काही उपयोग झाला नाही. एका दुपारी बाबांनी हातातलं काम ठेवलं, टेबलाखाली वाकले, आणि तिथल्या तिथे शिपाई तयार केला. पूल तर आत्याच्या देखत घातला त्यांनी. आधी नुसतीच नदी होती.

"मी म्हटलं, अरे, आजीचं सांग की त्याला. तर म्हणाला, बाईच्या नावाचा आहे हे कळलं तर ती कार्टी त्याला जगू देणार नाहीत. मोठा झाला की सांगेन. मग तू मोठा झालास आणि औषधांचं शिकायला गेलास. सुट्टीला आलास की तो शिपाई तूच त्याला परत सांगायचास. कुठल्या तोंडाने सांगणार होता तो?"

दादाने रुमाल काढला आणि काढून नुसताच हातात धरला. टेबलाखालून दिसणारे बाबांचे गुडघे त्याला आठवले, भुकटीने पांढरे झालेले, आणि खाली वाकताना त्यांच्या तोंडून निघालेला श्वास. त्या दुपारी शिपाई पुलावर उभा राहिला तेव्हा तो पहिल्यांदा बाहेर आला होता आणि दोन पोळ्या जास्त जेवला होता. आयुष्यभर त्याला तो शिपाई आपल्या बाजूने उभा आहे असं वाटत आलं होतं. शिपाई नव्हता. बाबा होते.

छिन्नी टेबलाला टेकून ऐकत होती. भांडण जिंकल्याचा आनंद व्हायला पाहिजे होता, तो होईना. हात बांधल्याचं तिला माहीतच नव्हतं. तिला जेवढा आठवायचा तो दादा आधीपासूनच उजव्या हाताने लिहायचा, सुंदर गोल अक्षरात.

"तू धुळीला नाकं मुरडायचास," ती म्हणाली. "मला वाटायचं तुला या कामाची लाज वाटते."

"मला इथेच बसायचं होतं गं." दादा म्हणाला. "उजव्या हातात हातोडी नीट धरता यायची नाही आणि डावा उचलायची भीती बसली होती. बाबांनी खूप शिकवलं. मी लोकांची नावं मोडून ठेवायचो. एकदा एका बाईंच्या मुलाचं नाव मोडलं, तो मुलगा वारला होता. त्या रडल्या नाहीत की बोलल्या नाहीत, नुसत्या दगडाकडे बघत बसल्या. त्यानंतर मी बाबांना म्हटलं मला औषधांचं शिकायचंय. मी निघून गेलो असं तुम्ही सगळे म्हणता. मला जमलं नाही म्हणून गेलो. म्हटलं निदान 'मुलगे' असं तरी भिंतीवर राहील. त्यात मी येतो ना."

छिन्नीला राग आला, पण आता तो दुसराच होता, मायेचा. हे सगळं तीस वर्षं पोटात ठेवून हा माणूस फोनवर हवापाण्याच्या गप्पा मारत होता. "हे आधी बोलायला तुझी जीभ कोणी बांधली होती?" ती म्हणाली, आणि मग तिलाच रडू आलं, ते तिने एप्रनच्या टोकात घालवलं. धाकटा चहा सांगतो म्हणून बाहेर सटकला. कोणी रडायला लागलं की त्याला नेहमी चहा आठवायचा. त्याची बायकोही त्याच्या मागे गेली. आत्याने डोळे मिटले, झोप लागली म्हणून की या दोघांना एकटं सोडावं म्हणून, ते तिचं तिला ठाऊक.

छिन्नीने दादाला सांगितलं की मुलगे, भाऊ, काय हवं ते लिही, सगळ्यांची नावं घालू, दगड चांगला लांबरुंद आहे. ती मनापासून बोलत होती. किल्ल्या ठेवून निघून जायचं तिच्या मनातून कधी गेलं ते तिला कळलंही नव्हतं.

"नको," दादा म्हणाला. "मला पाहिजे होतं ते मला मिळालं आत्ता. पाटी ज्याच्या हाताची त्याची. पणजीने लावली तशी तू लाव. तुझं पूर्ण नाव घाल, आणि हेच आडनाव घाल. कचेरीत मी येईन तुझ्याबरोबर खेटे घालायला."

तिने खडू घेतला. पट्टी लावून आडवी रेघ आखली आणि शेवटाकडे आडनाव लिहिलं. त्याच्या आधी स्वतःचं नाव लिहायचं होतं. मधली जागा, जिथे बाईच्या नावापुढे कोणा पुरुषाचं नाव बसतं, ती तिने ठेवलीच नाही. आणि मग खडू दगडावर टेकवून ती तशीच थांबली.

बावीस वर्षं तिने हजारो लोकांना विचारलं होतं. स्वतःबद्दल तिने कोणालाच विचारलं नव्हतं. घरात ती लहानपणीच छिन्नी झाली, जिभेमुळे, आणि खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आणि नवऱ्याच्या रागात तेवढं उरलं. नावाचा अर्थ होता शांत, सौम्य. तिला तो कळला तेव्हा ती इतकी हसली होती की शेवटी उचकी लागली. कोणी असं नाव ठेवलं असेल आपल्या घरात? आई असती तर तिला विचारता आलं असतं, बाबा असते तरी. आता दोघंही नव्हते, आणि आजच हे सुचायला हवं होतं का.

"नियम नियम आहे," ती दगडाकडे बघत म्हणाली. "माझीच हकीकत मला माहीत नाही."

"मी ठेवलं," दादा म्हणाला.

तिने वळून बघितलं.

"पहिलीत मला एक बाई होत्या. बांधाबांधी दुसरीत सुरू झाली, पहिलीत नव्हती. त्या माझ्या शेजारी बाकावर येऊन बसायच्या आणि माझी वही अशी उजवीकडे तिरकी करून द्यायच्या, डाव्या हाताला सोपी जावी म्हणून. कधी रागावल्या नाहीत. वर्ष संपलं आणि त्यांची बदली झाली. मी रोज घरी येऊन विचारायचो, बाई कधी येणार. त्याच वर्षी तू झालीस. बाबांनी मला उचलून पाळण्याशी नेलं आणि म्हणाले, तू मोठा आहेस, तू सांग हिचं नाव काय ठेवायचं. मी बाईंचं नाव सांगितलं. मला वाटलं, नाव ठेवलं की त्या येतील."

छिन्नीने नाव लिहिलं. सावकाश लिहिलं, एकेक अक्षर, आणि लिहून झाल्यावर बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. आपलंच नाव तिने दगडावर पहिल्यांदा बघितलं होतं.

"मग आल्या का?" तिने विचारलं.

"नाही," दादा म्हणाला. "तू आलीस."

छिन्नीने खडू खाली ठेवला आणि हातोडी उचलली.